पहिल्या दुष्काळात गेलेला विश्वास, दुसऱ्या दुष्काळात टिकलेला: पंडिता रमाबाईंचं प्रकरण

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. आमच्या चर्चमधल्या बायकांच्या शनिवारच्या प्रार्थना सेलमध्ये, म्हणजे छोट्या गटात, एक ताई साक्ष द्यायला, म्हणजे आपला देवाबद्दलचा अनुभव सांगायला, उभ्या राहिल्या आणि दोन वाक्यांतच रडायला लागल्या. नवऱ्याची कंपनी बंद पडलेली, मुलाची फी थकलेली, सासूबाईंचं ऑपरेशन पुढे ढकललेलं. त्या म्हणाल्या, "सगळे सांगतात विश्वास ठेव, विश्वास ठेव. ठेवते हो मी. पण म्हणजे सकाळी उठून नक्की करायचं काय?" आम्ही दहा-बारा बायका होतो, कुणालाच काही सुचलं नाही. एक स्तोत्र वाचलं, गीत म्हटलं, त्यांच्यासाठी प्रार्थना केली, चहा झाला आणि सगळ्या घरी गेलो. मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण तोच प्रश्न माझाही होता. त्याच महिन्यात माझ्या बाबांचं डायलिसिस सुरू झालं होतं आणि मी रोज पहाटे उठून देवाला एकच वाक्य म्हणत होते, प्रभू इतकी वर्षं आम्ही तुझी सेवा केली ना, मग हे का.

तेव्हापासून मी पंडिता रमाबाईंचं प्रकरण नीट वाचायला घेतलं. नाव तर लहानपणापासून ऐकलेलं, संडे स्कूलच्या भिंतीवर त्यांचा फोटो होता, पांढरी साडी, आखूड कापलेले केस, शांत चेहरा. आपल्याकडे त्यांची गोष्ट सांगतात ती बहुतेक वेळा सरळ चढत्या पायऱ्यांसारखी, संस्कृतच्या विद्वान होत्या, बाप्तिस्मा घेतला, केडगावला निराधार मुलींसाठी मुक्ती मिशन काढलं, बायबलचं भाषांतर केलं, देवाचा गौरव असो. पण त्यांनी स्वतः लिहिलेली साक्ष आणि दुष्काळाच्या आठवणी वाचल्या की लक्षात येतं, या बाईच्या आयुष्यात दुष्काळ दोनदा आला. पहिल्या दुष्काळाने त्यांचा देवावरचा विश्वास काढून घेतला, दुसऱ्या दुष्काळात तो टिकला. संकट तेच होतं, भूक तीच होती, माणूसही तेच. मग मधल्या काळात बदललं काय, हे मला शोधायचं होतं.

पहिला दुष्काळ 1870 च्या दशकातला, मद्रास प्रांतातला. रमाबाईंचा जन्म 1858 चा, म्हणजे तेव्हा त्या सोळा-सतरा वर्षांच्या असतील. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतलेला माणूस, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिलेला. पुढे सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत आणि पुराण सांगत गावोगाव फिरायचं, मिळेल त्या दक्षिणेवर जगायचं. दुष्काळ पडला तेव्हा जवळ होतं नव्हतं ते सगळं त्यांनी दानधर्मात आणि अनुष्ठानात घातलं, कारण शास्त्रात सांगितलेल्या अटी पूर्ण केल्या की देव धावून येणार असा त्यांचा पक्का समज होता. उपास, जप, पारायणं, तीर्थस्नान, सगळं विधिवत. पैसे संपले, भांडी विकली, दागिने विकले, अन्न संपलं. आणि देव काही धावून आला नाही.

इथे रमाबाईंनी एक गोष्ट इतक्या सरळपणे लिहिली आहे की मी ते पान तीनदा वाचलं. आम्हाला अंगमेहनतीचं एकही काम येत नव्हतं, त्या सांगतात, आणि भीक मागायला अभिमान आड येत होता. म्हणजे घरात पाच माणसं, सगळी संस्कृतात तरबेज, आणि एकालाही मजुरी करता येत नाही. शेवटी ही मंडळी तिरुपतीच्या बाजूच्या रानात शिरली, मरायचंच तर तिथे जाऊन मरू म्हणून. अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांच्यावर काढल्या. म्हाताऱ्या वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं, सगळ्यांचा निरोपही घेतला. रमाबाई सगळ्यात धाकटी म्हणून तिला शेवटी जवळ घेतलं आणि सांगितलं की मी तुला देवाच्या हाती दिलं आहे, तू त्याचीच आहेस, आयुष्यभर त्याचीच सेवा कर. ऐन वेळी भावाने, श्रीनिवासने, सांगितलं की आता अभिमान बाजूला ठेवतो, मी मजुरी करीन, म्हणून ती जलसमाधी टळली. पण वडील वाचले नाहीतच. पाठोपाठ आई गेली, नंतर थोरली बहीण गेली.

उरली दोन भावंडं. ती पायी फिरत राहिली, दक्षिणेकडून थेट पंजाबपर्यंत. झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर पुरेसे कपडे नव्हते म्हणून दोघांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, आत झोपले आणि डोकं सोडून बाकी अंगावर वाळू ओढून घेतली. हे वाचताना मला वाटलं, मेलेल्या माणसाला पुरतात तसं हे दोघं जगण्यासाठी स्वतःला पुरून घेत होते. आणि या सगळ्या वाटेवर त्यांचा विश्वास हळूहळू झडत गेला. शास्त्राने सांगितलेलं सगळं करून पाहिलं, तरी काहीच झालं नाही, असं त्या सांगतात. 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले तोवर मनात फार काही उरलं नव्हतं, आणि गंमत बघा, नेमकं तिथेच लोकांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

मधली वर्षं मी भरभर सांगते. 1880 मध्ये भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली, आणि फेब्रुवारी 1882 मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला. चोविसाव्या वर्षाच्या आत आईवडील, बहीण, भाऊ, नवरा सगळे गेलेले. पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथे वॉन्टेज इथे मनोरमासोबत बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिकेला गेल्या, तिथल्या लोकांनी बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन करून दहा वर्षं मदतीचं वचन दिलं, आणि मार्च 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं, नंतर ते पुण्याला आलं. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई, महर्षी कर्व्यांच्या पत्नी.

पण एक गोष्ट मला थांबून सांगायची आहे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी, 1891 च्या सुमारास, रमाबाईंना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे पण ख्रिस्त सापडलेला नाही. हे त्यांनी स्वतःच लिहिलं आहे. मी इथे अडखळले. आपण त्यांना केवढ्या मोठ्या समजतो, आणि त्या म्हणतात की आठ वर्षं मी फक्त धर्म बदलला होता. मला जे कळलं ते असं की जुना हिशोब नव्या धर्मातही चालूच राहू शकतो. आधी अनुष्ठान करून देवाला बांधायचं, मग चर्चला जाऊन बांधायचं. त्या वर्षी त्यांचा हा हिशोब मोडला. देवाने मला घेतलं ते मी काही केलं म्हणून नाही, हे त्यांच्या मनात बसलं, आणि मला तरी वाटतं, यानंतरच्या रमाबाई वेगळ्या होत्या.

वेगळ्या म्हणजे संकटं कमी झाली असं काही नाही. उलट 1893 मध्ये मोठंच वादळ उठलं. शारदा सदनात धर्माची सक्ती करणार नाही असं ठरलेलं होतं, पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या तेव्हा दार उघडं असायचं आणि काही मुली आपणहून येऊन बसायला लागल्या. केसरीने जोरात टीका केली, रानडे आणि भांडारकरांसारखे सल्लागार मंडळातले मोठे लोक बाजूला झाले, वीसपंचवीस मुलींना पालकांनी काढून नेलं. मी ख्रिस्ती आहे, माझं मन साहजिकच रमाबाईंकडे झुकतं, तरी त्या पालकांची भीती मला समजते, विधवा मुलगी विश्वासाने सोपवली आहे आणि ती धर्म बदलेल असं कुणाच्याही आईबापाला वाटलं असतं तर त्यांनी तेच केलं असतं. ज्या समाजासाठी आपण काम करतो तोच आपल्यावरून विश्वास काढून घेतो, हे दुःख रमाबाईंनी त्या वर्षी पाहिलं.

आता मूळ प्रकरण, 1896 चं.

त्या वेळी रमाबाईंची परिस्थिती काय होती ते जरा डोळ्यांसमोर आणा. सदनात थोड्याच मुली. अमेरिकेच्या वचनाची दहा वर्षं 1898 मध्ये संपणार, पुढे पैसे येतील की नाही माहीत नाही. त्यासाठी त्यांनी काय केलं होतं तर पुण्यापासून रेल्वेने 50-60 किलोमीटरवर केडगावला सुमारे 100 एकर माळरान विकत घेऊन ठेवलं होतं आणि तिथे संत्री, लिंबं, आंबे अशी झाडं लावायला घेतली होती. फळबाग धरली की दहा वर्षं संपताना उत्पन्न सुरू होईल, सदन आपल्या पायावर उभं राहील, असा विचार. मला हा भाग फार आवडतो. देवावर पूर्ण भरवसा असलेली बाई विहिरी खणते, रोपं लावते आणि झाड फळाला यायला किती वर्षं लागतील याचा हिशोब करते. आमच्या मंडळीत काही जण इन्शुरन्स काढला तरी विश्वास कमी आहे असं म्हणतात, त्यांना मी आता केडगावची संत्र्याची झाडं सांगते.

त्याच वर्षी लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांचा कॅम्प मेळावा भरला होता. रमाबाईंबरोबर त्यांच्या सदनातल्या पंधरा मुली होत्या, ज्यांनी ख्रिस्ताला स्वीकारलं होतं. तिथे प्रार्थना करताना त्यांनी देवाकडे मागितलं की पुढच्या मेळाव्यापर्यंत या पंधराचा वर्ग कर. पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस. मागितल्यावर त्या स्वतःच दचकल्या, कारण सदनात तेवढ्यांना जागाच नव्हती, आणि इतक्या मुली येणार कुठून. त्यांना बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकातलं वचन मिळालं, बत्तीसाव्या अध्यायातलं, मी सर्व मानवजातीचा देव आहे, मला अवघड असं काही आहे का. त्यांनी ते लिहून ठेवलं.

आणि काही महिन्यांतच मध्य प्रांतातून दुष्काळाच्या बातम्या यायला लागल्या.

इथे कृपा करून कुणी असं म्हणू नका की देवाने प्रार्थना ऐकली म्हणून दुष्काळ पाठवला. मला असं बोललेलं ऐकवत नाही. लाखो माणसं उपाशी मेली त्या वर्षात. रमाबाईंनीही ते असं मांडलेलं नाही. त्यांना सगळ्यात आधी आठवलं ते स्वतःचं रान, स्वतःचे आईवडील, अकरा दिवसांचा तो झाडपाला. बातमी वाचताना त्या पुन्हा सोळा वर्षांच्या झाल्या असणार. आणि पहिला विचार मनात आला तो आपल्या कुणाच्याही मनात येईल तोच, की माझ्याकडे पैसे नाहीत, ताकद नाही, मी एकटी बाई काय करणार. त्यांनी हे लपवलेलं नाही. म्हणजे भरवसा असलेल्या माणसाच्या मनात "माझ्याने नाही होणार" हे येतं. येऊ द्यावं. त्या थोडे दिवस त्याच्याशी झगडल्या आणि मग गाडीत बसल्या.

तिथे त्यांनी पाहिलेलं पहिलं पुअरहाऊस, म्हणजे उपाशी गरिबांसाठीचा आसरा, हे घरच नव्हतं, गावाबाहेरची झाडी होती, आणि झाडांखाली माणसं घोळक्याने बसलेली, नुसते सापळे, काही जण धुळीत राखेत पडलेले. तरुण मुलींची अवस्था सगळ्यात वाईट, कारण भुकेचा फायदा घेणारे लोक रिलीफ कॅम्पच्या आसपास फिरत होते, आणि मूठभर धान्यासाठी मुलींचं काय होत होतं ते रमाबाईंनी स्पष्ट शब्दांत लिहिलं आहे. त्या काळात एका बाईने हे छापून आणणं साधी गोष्ट नव्हती. त्यांनी मुली गोळा करायला सुरुवात केली. थोड्या महिन्यांत तीनशेच्या आसपास. जिथे पन्नास-साठ मुलींचा खर्च पुढच्या वर्षी कसा भागणार माहीत नव्हतं, तिथे तीनशे आणखी.

या मुली म्हणजे आपण फोटोत बघतो तशा शहाण्या ओळीत बसलेल्या मुली नव्हत्या. जखमा, उवा, जुलाब, भीती. दिसेल ते अन्न झडप घालून लपवून ठेवायच्या कारण उद्या मिळेल यावर त्यांचा भरवसाच नव्हता. यातल्या काही जणी पोचल्यावरही वाचल्या नाहीत, शरीरात जीवच उरला नव्हता. रमाबाईंनी किती रात्री त्यांच्या उशाशी बसून काढल्या असतील देव जाणे. साक्षी सांगताना आपण हा भाग गाळतो. मी गाळणार नाही, कारण माझ्या बाबांच्या वॉर्डात मी रोज बघते की प्रार्थना केलेली सगळीच माणसं बरी होऊन घरी जात नाहीत.

त्यात 1897 च्या सुरुवातीला पुण्यात प्लेग. गावात गर्दी करू नका असे सरकारचे हुकूम, शेकडो नव्या मुली पुण्यात ठेवताच येईनात. मग सगळा लवाजमा केडगावला, जिथे अजून नीट इमारतही नव्हती. तंबू, छपरं, झाडांची सावली. जी जमीन फळबागेसाठी घेतली होती तिथे आता मुली राहायला लागल्या. बघा ना, दहा वर्षांनंतरच्या उत्पन्नासाठी घेतलेला माळ ऐन संकटात आसरा म्हणून उपयोगी पडला. मी याला देवाची तजवीज म्हणते, ज्यांना योगायोग म्हणायचंय त्यांनी म्हणावं, पण जमीन आधी घेतलेली नसती तर तजवीज उतरली कुठे असती हाही विचार करावा.

आणि हो, याच काळात रमाबाईंनी गप्प बसून फक्त प्रार्थना केली असं समजू नका. प्लेगच्या नावाखाली सरकारी हॉस्पिटलात आणि कॅम्पमध्ये बायकांना कसं वागवलं जातं यावर त्यांनी बॉम्बे गार्डियन या वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं, इतकं कडक की मुंबईच्या गव्हर्नरपर्यंत ते गेलं आणि सरकारला ते खोडून काढावं लागलं. सरकार ख्रिस्ती राज्यकर्त्यांचं, देणगीदार बरेचसे गोरे, तरी लिहिलं. ज्या केसरीने चार वर्षांपूर्वी त्यांना झोडपलं होतं त्याच गोटातल्या लोकांना त्या पत्राचा आधार घ्यावासा वाटला. मला यातून एक गोष्ट फार दिलासा देते. देवावर भरवसा ठेवणं म्हणजे अन्यायाबद्दल तोंड बंद ठेवणं, हे कुणीतरी आपल्या डोक्यात भरवलं आहे. स्तोत्रसंहितेत तेरावं स्तोत्र उघडा, पहिल्याच ओळीत दाविद विचारतो की प्रभू किती काळ, मला कायमचा विसरलास का. शास्त्रात तक्रार करणाऱ्यांना जागा आहे, आणि भरपूर आहे.

1898 उजाडलं, दहा वर्षांची मुदत संपली. रमाबाई अमेरिकेला गेल्या, हिशोब दिला, जुनी असोसिएशन संपून नवी उभी राहिली, मदत चालू राहिली. पण आता केडगावचं काम, मुक्ती, ते त्या ठरलेल्या रकमेच्या कितीतरी बाहेर गेलेलं होतं, ते दिवसेंदिवस आलेल्या देणग्यांवर आणि स्वतःच्या हातकामावर चालायचं. आणि मग 1900, गुजरातचा दुष्काळ. या वेळी त्यांनी आपल्या मुलींनाच कार्यकर्त्या म्हणून पाठवलं. ज्या मुली तीन-चार वर्षांपूर्वी सापळे होऊन आल्या होत्या त्या आता दुसऱ्या उपाशी मुलींना शोधायला गेल्या. मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या जवळ पोचली.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. मुक्तीत प्रत्येक मुलीला हाताचं काम शिकवलं गेलं. विणकाम, शेती, गाईगुरं, तेलघाणा, धुलाई, छापखाना. आंधळ्या मुलींसाठी बर्तमी सदन निघालं, तिथे ब्रेल शिकवलं. सगळ्यात मोठी संस्कृत पंडिता, आणि तिच्या आश्रमात सकाळी प्रार्थना झाली की दिवसभर हात चालू. मला आधी वाटायचं की हे मिशनऱ्यांकडून घेतलं असेल, काही घेतलंही असेल. पण पहिल्या दुष्काळातलं ते वाक्य आठवतं ना, आम्हाला एकही काम येत नव्हतं आणि भीक मागायला अभिमान आड येत होता. ज्या मुलीचे आईवडील सगळी अनुष्ठानं करून, हात बांधलेल्या अवस्थेत, भुकेने मेले, तिने मोठी होऊन दोन हजार मुलींना सांगितलं की प्रार्थना करा आणि हाताने काम करा. तिच्या पहिल्या विश्वासात देवाला द्यायचं आणि बदल्यात मागायचं, एवढंच होतं. दुसऱ्या वेळी तिने बदल्यात काहीच मागितलं नाही. देव माझा आहे हे आधीच ठरलेलं, मग दुष्काळ असो नसो, आज समोर जी मुलगी आहे तिला आंघोळ घालायची, तिला भाकरी द्यायची.

आणि हे फक्त हिंदू घरातल्या जुन्या अनुष्ठानांबद्दल मी बोलते आहे असं कुणी समजू नये, मी आपल्याबद्दल बोलते आहे. आपल्याकडे काय वेगळं चालतं? एकवीस दिवसांचा उपास, प्रभू नोकरी दे. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, वेळेवर चर्चला दिला, मग माझ्या घरात आजार कसा आला? मोठ्या मेळाव्यात स्टेजवरून सांगतात की विश्वास पुरेसा असेल तर बरं वाटेलच, आणि ज्याला बरं वाटलं नाही तो घरी जाऊन आपल्या विश्वासात कुठे कमी पडली ते शोधत बसतो. माझ्या आईने असं शोधलेलं मी पाहिलं आहे, धाकटा मामा गेला तेव्हा. अनंतशास्त्र्यांनी अटी पूर्ण केल्या होत्या, आपणही अटीच पूर्ण करत असतो, फक्त अटी वेगळ्या. मी रोज पहाटे जे म्हणत होते ना, इतकी वर्षं सेवा केली मग हे का, ते शब्द माझे असले तरी हिशोब तोच जुना होता.

एक प्रामाणिक शंका माझ्या मनात होती ती इथे सांगते. 1896 नंतर काम वाढलं, पैसे आले, मुली जगल्या, म्हणून विश्वास टिकला असं तर नाही ना? म्हणजे या वेळी देवाने "दिलं" म्हणून? यश मिळालेल्या माणसाचा विश्वास काय, टिकतोच. 1905 मध्ये मुक्तीत जी मोठी आत्मिक जागृती झाली तिच्यावर तर लोक आजही बोलतात, मी त्यात आत्ता शिरत नाही. पण माझ्या शंकेचं उत्तर मला त्यांच्या शेवटच्या वर्षांत मिळालं.

रमाबाईंना तरुणपणापासूनच कमी ऐकू यायचं, पुढे ते वाढतच गेलं. 1904-05 पासून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक मुळातून साध्या मराठीत बायबलचं भाषांतर करायला घेतलं, खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत, आणि ते मुक्तीच्याच छापखान्यात मुलींच्या हातून छापलं जात होतं. मनोरमा त्यांचा उजवा हात, शाळा बघायची, आईच्या मागे हे सगळं तीच सांभाळणार हे ठरलेलंच. 1921 मध्ये मनोरमा गेली, चाळीस वर्षांची. आई त्रेसष्ट वर्षांची, तब्येत खचलेली. वडील, आई, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता एकुलती एक मुलगी. या वेळी कुठलाही वर्ग झाला नाही, पंधराचे दोनशे पंचवीस झाले नाहीत, उरलं होतं तेच देवाने नेलं.

रमाबाई पुन्हा टेबलाशी बसल्या आणि प्रुफं तपासत राहिल्या. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. शेवटची प्रुफं हातावेगळी झाली आणि त्या गेल्या असं मुक्तीत सांगतात.

मी यावर सेलमध्ये बोलले, अर्धा तास, कागदावर टिपणं काढून. त्या ताई ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं की रमाबाईंना शिवण येत होतं का. मी म्हटलं माहीत नाही, पण मुक्तीत मुली विणायच्या. त्या म्हणाल्या, मला येतं, लग्नाआधी मी ब्लाउज शिवायचे. पुढच्या शनिवारी आमच्यातल्या एकीने माळ्यावरची जुनी मशीन काढून दिली, दुसरीने तेलपाणी करून आणलं. नवऱ्याला अजून नोकरी नाही. सासूबाईंचं ऑपरेशन झालं, त्यासाठी आम्ही सगळ्यांनी मिळून काही रक्कम उभी केली, काही ट्रस्टकडून मिळाली, अर्ज भरायला माझ्या मुलाने मदत केली.

बाबांचं डायलिसिस चालू आहे, मंगळवार, गुरुवार, शनिवार. शनिवारी मी सेलला पोचत नाही म्हणून आता दोघी जणी आळीपाळीने हॉस्पिटलात येतात, डबा आणतात, बाबांच्या खुर्चीशी बसून एखादं स्तोत्र वाचतात. मागच्या आठवड्यात बाजूच्या बेडवरच्या आजोबांनी हळूच विचारलं की जरा मोठ्याने वाचता का, मलाही ऐकायचंय. पहाटे मी अजूनही उठते. ते "मग हे का" अजूनही कधीकधी तोंडात येतं. मग मी तेरावं स्तोत्र उघडते, दाविदाबरोबर विचारून घेते, आणि बाबांची गोळ्यांची डबी भरायला बसते.